पत्रक वाटून भागत नाही: वस्तीतल्या लहान मुलांना अंगणवाडी, दवाखाना आणि दाखल्यांपर्यंत पोचवायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा: शहराच्या कडेला अडीचशे घरांची वस्ती, निम्मी कुटुंबं भाड्यानं राहणारी आणि कामासाठी बाहेरून आलेली. सहा-सात आईबाप आठवड्याला दोन-दोन तास द्यायला तयार आहेत. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी असलेल्या सरकारी सोयी या घरांना मिळाव्यात म्हणून पत्रक छापलं, सभा घेतली, पण फरक पडला नाही. आता काय करावं?

पत्रकाचा उपयोग झाला नाही यात नवल नाही. अंगणवाडी असते, तिथे खाऊ मिळतो, लस फुकट असते हे वस्तीतल्या बहुतेक आयांना माहीत असतं. अडतं ते त्याच्या पुढच्या पायरीवर. बाई एकदा जाते, 'आधार आणा', 'नाव गावाकडे आहे', 'सोमवारी या' असं काहीतरी ऐकते आणि परत जात नाही, कारण दुसरी खेप म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी. तुमच्या गटाला करता येण्यासारखं खरं काम दोन वाक्यांत सांगता येतं: पहिल्या खेपेला सोबत जायचं, आणि दहा दिवसांनी घरी जाऊन 'झालं का?' विचारायचं. यातलं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि तेच सगळे टाळतात.

घरोघर फिरण्याआधी अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना भेटा. मुलं घरी गेल्यावर जा, शिकवणं चालू असताना नको. सेविकेकडे वजनं, आहारवाटप, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल अ‍ॅपमधल्या नोंदी, गृहभेटी, शिवाय मतदार याद्यांसारखी कामं असतात. अनोळखी सहा माणसं वही घेऊन दारात आली की ती तपासणीच समजते, आणि एकदा तसं वाटलं की पुढचं सहकार्य संपलं. तिला तीनच गोष्टी विचारा: कोणत्या घरांपर्यंत तुम्हाला पोचता येत नाही, कोणत्या मुलांचं वजन दोन महिन्यांत झालेलं नाही, आणि कोणाला पुढे दवाखान्यात पाठवलं पण ते गेले नाहीत. पहिले तीन महिने तिसऱ्या उत्तरातल्या मुलांवर घालवा. पर्यवेक्षिकेच्या, म्हणजे सुपरवायझर बाईंच्या, कानावरही घाला. तोंडी चालेल, पण सेविकेच्या समोर.

मग मोजणी. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत सहा वर्षांपर्यंतची मुलं साधारण १२ टक्के होती. अडीचशे घरं म्हणजे अकराशेच्या आसपास माणसं धरली तर शंभर-सव्वाशे मुलं असायला हवीत. जन्मदर खाली आल्यामुळे आज थोडी कमी असतील, पण तुमच्या यादीत चाळीसच आली तर तुम्ही भाडेकरूंची दारं वगळलीत असं समजा. ही घरं दुपारी बंद असतात, तिथे संध्याकाळी सातनंतर जावं लागतं. वहीत मुलाचं वय लिहू नका, जन्मतारीख लिहा. 'दोन वर्षांचा' ही नोंद सहा महिन्यांत निरुपयोगी होते, आणि वजन, लस, प्रवेश हे सगळं तारखेवर चालतं. तारीख माहीत नसेल तर लसीच्या कार्डावर बघा, तेही नसेल तर सण किंवा पीक विचारून महिना काढा आणि पुढे 'अंदाजे' लिहा.

या मोजणीचा आणखी एक उपयोग आहे. ४०० ते ८०० लोकसंख्येला एक आणि ८०० ते १६०० ला दोन अंगणवाड्या असा निकष आहे, म्हणजे तुमच्या वस्तीला दोन बसतात. एकही नसेल तर १३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश कामाचा आहे: सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीनं मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे करायचा. त्याला मुलांची नावं व जन्मतारखा, पालकांच्या सह्या किंवा अंगठे, जवळच्या अंगणवाडीचं अंतर आणि मधला अडथळा, म्हणजे महामार्ग, नाला, रेल्वेरूळ, असं सगळं जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परतू नका. त्याशिवाय तीन महिने कधीपासून मोजायचे हेच ठरत नाही. शहरात असे अर्ज बहुतेक वेळा जागेपाशी अडकतात. भाड्यानं मिळेल अशी, पाणी आणि संडास असलेली एखादी खोली आधीच बघून ठेवून तिचा उल्लेख अर्जात केलात तर गोष्ट लवकर हलते.

आता नाव नोंदवताना काय अडतं ते. अंगणवाडी सर्वांसाठी आहे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांतलं काही लागत नाही. आधारवर गावचा पत्ता आहे म्हणून नाव घेता येत नाही, हे उत्तरही बरोबर नाही. खरी अडचण वेगळीच असते: आईचं किंवा मुलाचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत पोषण ट्रॅकरवर आधीच असतं आणि एकच लाभार्थी दोन ठिकाणी राहत नाही. ते नाव इकडे वर्ग करून घ्यावं लागतं. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गावच्या सेविकेचा फोन नंबर मिळवून इथल्या सेविकेशी थेट बोलणं करून देणं. पाच मिनिटांचं काम असतं, पण नंबर मिळवायला आठ दिवस जातात. ते तुम्ही करा.

दुसरी अडचण मोबाइलची. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, देताना जुलै २०२५ पासून लाभार्थीचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालं आहे, आणि त्याआधीच्या केवायसीला ओटीपी लागतो. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा असतो, नवरा कामावर; किंवा ते सिमच बंद पडलेलं असतं. त्यामुळे घरातून निघण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायची सवय लावा: आधारला कोणता नंबर आहे, आणि तो फोन आत्ता कुठे आहे? नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्र, मग अंगणवाडी. उलट क्रमानं गेलात तर एक खेप फुकट गेलीच म्हणून समजा.

आहार किती मिळायला हवा हे तुम्हाला पाठ हवं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, सहा महिन्यांपासूनच्या कुपोषित मुलाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम, गरोदर व स्तनदा मातेला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम. तीन वर्षांवरच्यांना हे सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण या रूपात तिथेच मिळतं. घरी नेलेलं पाकीट मात्र घरातल्या सगळ्या ताटांत वाटलं जातं आणि ज्याच्या नावचं आहे त्याच्या वाट्याला दोन घास येतात. यावर 'असं करू नका' सांगून काही होत नाही. धाकट्याची वाटी वेगळी ठेवायला सांगा, एकच वाटी, रोज तीच. आई कामावर असताना भरवणाऱ्या आजीला किंवा मोठ्या बहिणीला ते दाखवा, नुसतं आईला दाखवून उपयोग नाही.

वजन-उंची मोजणं सेविकेचं काम, त्यात हात घालू नका. पण दंडघेराची पट्टी वापरायला तुम्ही आणि आया दोघंही शिकू शकता. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी, घट्ट नाही आणि ढिलीही नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान मध्यम. पट्टी हिरवी, म्हणजे १२.५ च्या वर, दाखवत असली तरी दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहतो का बघा. राहिला तर मूल सुजलेलं आहे, गुबगुबीत नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. आकडा आईला बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत 'तुमचं मूल कुपोषित आहे' म्हटलं की ती बाई पुढच्या महिन्यात वजनाला येत नाही.

तीव्र कुपोषित मूल आजारी असेल, सुजलेलं असेल किंवा खातच नसेल तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागतं, मुक्काम साधारण १४ दिवसांचा. इथे कुटुंबं नाही म्हणतात आणि गटातले लोक त्यांना समजावत बसतात. समजावण्यासारखं फार नसतं. घरी दुसरं मूल आहे, चूल आहे, मजुरी आहे. तेव्हा थेट विचारा: मोठीला चौदा दिवस कोण सांभाळेल? शाळेत कोण सोडेल? एखाद्या शेजारणीचा होकार मिळाला की निम्मा नकार गळतो. भरतीच्या काळात आईला बुडीत मजुरी आणि जेवण मिळतं. मजुरीसाठी बँकेचं पासबुक पहिल्याच दिवशी सोबत न्या. सुटी झाल्यावर दर पंधरवड्याला तपासणीला जायचं असतं आणि ती कोणी करत नाही, कारण मूल बरं दिसतं. या तारखा तुमच्या वहीत हव्यात.

लसीकरणात एक गैरसमज फार नडतो. मधला डोस चुकला, कार्ड हरवलं, आता सिस्टर ओरडतील म्हणून आया जातच नाहीत. चुकलेली लस पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही; जिथे थांबली तिथून पुढे देतात. मात्र काही लसींना वयाची मर्यादा आहे. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, एक वर्षापर्यंतच देतात, जुलाबावरच्या रोटाव्हायरस लसीचा पहिला डोस वर्षाच्या आत व्हावा लागतो. त्यामुळे दहा-अकरा महिन्यांची आणि कार्ड नसलेली मुलं यादीत सगळ्यात वर ठेवा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांना, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसराच जास्त चुकतो, कारण मधल्या काळात कुटुंबानं खोली बदललेली असते.

जिथे पालकांच्या गटाला खरोखर फरक पाडता येतो तो भाग वाढीतल्या अडचणींचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि जन्मजात व्यंग, आजार, कमतरता, विकासातला उशीर असं सगळं तपासतं. पण ज्या दिवशी पथक येतं त्या दिवशी नेमकं ते मूल घरी असतं, कारण लंगडणारं किंवा न बोलणारं मूल अंगणवाडीत पाठवतच नाहीत. तारीख आधी विचारून घ्या आणि त्या दिवशी अशा दोन-तीन मुलांना तुम्ही स्वतः घेऊन जा. तारीख लांब असेल तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र याचसाठी असतं, तिथे थेट जाता येतं.

काय दिसलं तर न्यायचं? चार महिन्यांना मान धरत नाही. नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्षाला चालत नाही. मागून टाळी वाजवली, नावानं हाक मारली तरी वळत नाही. दीड वर्षांचं झालं तरी हवी ती वस्तू बोटानं दाखवत नाही, किंवा दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही. शिवाय येणारा एखादा शब्द किंवा हसणं बंद झालं असेल, तर वय कोणतंही असो, वाट बघायची नाही. पावलं आत वळलेलं बाळ असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू झालेलं उत्तम. दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाऊल सरळ येतं, पण पुढे काही वर्षं रात्री पट्ट्याचे बूट घालावे लागतात, आणि उपचार फसतात ते याच टप्प्यावर. बूट काढून ठेवले की पाऊल पुन्हा वळतं. ते घर यादीतून कधीच काढू नका.

'त्याचा बापही उशिरा बोलला' हे वाक्य तुम्हाला दर दुसऱ्या घरात ऐकायला मिळेल. त्याच्याशी वाद नको. 'असेलही, एकदा कान तपासून घेऊ, ऐकू येत असेल तर चिंता मिटली' एवढंच म्हणा. आणि रोगाचं नाव तुम्ही कधीही उच्चारू नका, स्वमग्नता नाही, मतिमंदत्व तर नाहीच. तुमचं एक चुकीचं वाक्य आजी वर्षभर धरून बसते.

शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पहिल्या दिवशी नोंदणी आणि तपासणी होते, उपचारासाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं. परत येताना दोन गोष्टी कागदावर हव्यात: पुढची तारीख, आणि घरी करायचे व्यायाम. थेरपिस्टना विनंती करून तो व्यायाम आईच्या हातून तिथेच एकदा करून घ्या. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. लहान मुलांना बहुधा काही वर्षांपुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे संपायची तारीख टिपून ठेवा. त्यावर ४० टक्के किंवा अधिक नोंद असेल तर बऱ्याच योजना उघडतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचं एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो.

पैशांच्या योजनांबद्दल थोडक्यात, कारण लोक तुम्हाला तेच आधी विचारतील आणि तुमचा गट म्हणजे 'फॉर्म भरणारे' होऊन बसेल. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर एकदम ६,०००. महाराष्ट्रात लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरांना: जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००. अर्ज सेविकेकडेच. पैसे 'आले नाहीत' अशी तक्रार आली की आधी आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते बघा. थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं तिथे ती जाते. कधीतरी शिबिरात उघडलेलं, पासबुकही न मिळालेलं खातं असतं, आणि पैसे निवांत तिथे पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते.

सगळ्या कागदांचं मूळ जन्मदाखला. २१ दिवसांत नोंद मोफत, ३० दिवसांपर्यंत थोड्या विलंब शुल्कानं, वर्षाच्या आत परवानगी आणि स्वसाक्षांकित कागदपत्रानं, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. बारशाआधी नोंद झालेली असते म्हणून नावाची जागा रिकामी राहते; नाव वर्षाच्या आत फुकट घालता येतं. आईच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच आहे का ते रुग्णालयातून सुटी होण्याआधी तपासायला सांगा. ही एक तपासणी पुढचे दहा हेलपाटे वाचवते.

गटाची शिस्त कडक ठेवा. एकाकडे पाच-सहा घरांपेक्षा जास्त नकोत आणि स्वतःच्या भावकीतली तर नकोतच. आधारची झेरॉक्स किंवा फोटो तुमच्याजवळ ठेवायचा नाही, ओटीपी विचारायचा नाही, मुलांचे फोटो आणि नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाहीत. चहाचेसुद्धा पैसे घेऊ नका. एकानं घेतले की 'ते पैसे घेऊन कामं करतात' हे आठवड्यात पसरतं. रिक्षाभाड्यासाठी गटाचा छोटा डबा ठेवा. बाईला मारहाण दिसली तर १८१ला फोन, मूल धोक्यात असेल तर १०९८. मध्ये पडून न्यायनिवाडा करू नका. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि नेआण मोफत आहे, त्यासाठी १०२.

तक्रार करायची वेळ येतेच. आहार महिना-महिना मिळत नसेल तर सेविकेवर तुटून पडू नका, बहुतेक वेळा पुरवठा वरूनच आलेला नसतो. आधी पर्यवेक्षिका, मग प्रकल्प अधिकारी, मग अन्न सुरक्षा कायद्याखालचे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, सगळं लेखी. आहार दिला गेला नाही तर त्याबदली भत्ता देण्याची तरतूद या कायद्यात आहे, तिचा उल्लेख अर्जात करा.

आणि हंगाम विसरू नका. वीटभट्टीवर किंवा उसाला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. निघायच्या पंधरा दिवस आधी त्या घरांत जा. लसीचं कार्ड, मुलाची पुढची तारीख, इथल्या सेविकेचा नंबर आणि कुठल्या कारखान्यावर किंवा भट्टीवर जाणार ते एका कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत आईकडे द्या, त्याची एक प्रत सेविकेकडे. मुकादमाचा नंबरही घेऊन ठेवा, कारण महिन्याभरानं आईचा फोन बंद लागला की तोच एक उरतो.